तक्रार काय, कधीपासून

परबकाकांकडे कोणी रडत गेलं की ते आधी नाव विचारायचे. नाव माहीत असलं तरी. काळाचौकीच्या आमच्या चाळीत त्यांच्या आणि आमच्या खोलीमध्ये एकच भिंत होती. त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंका आमच्याकडे यायच्या. असं बावीस वर्षांचं शेजारपण. पण मी एकदा जिन्यात बसून हुंदके देत होते, तेव्हा ते माझ्या शेजारच्या पायरीवर टेकले, खिशातून कागद काढला आणि म्हणाले, "नाव?"

"काका, थट्टा नका करू."

"थट्टा नाही. नाव सांग."

"सुनंदा."

"वय?"

"त्रेचाळीस."

"तक्रार?"

"सगळंच," मी म्हटलं. सासूबाई आयसीयूत होत्या, मुलाची बारावी तोंडावर आली होती, मिस्टरांच्या कंपनीला कुलूप लागलं होतं आणि त्या सकाळी दूध नासलं होतं. खरं सांगायचं तर रडू दुधामुळेच फुटलं होतं.

"सगळंच नावाची ओपीडी नसते," काका म्हणाले. "एकेक सांग. एका कागदावर एकच तक्रार."

परळच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात ते केसपेपरच्या खिडकीमागे तेहतीस वर्षं बसले. केसपेपर काढल्याशिवाय तिथे कोणी आजारी ठरत नाही. दूरदूरच्या गावांहून माणसं येणार, पोटाशी गाठोडं, अंगात ताप, घरदार गहाण टाकल्यासारखा चेहरा, आणि खिडकीशी वाकून एकदम दहा गोष्टी सांगायला लागणार. काकांनी त्यातून चारच गोष्टी कागदावर उतरवायच्या. नाव, वय, तक्रार काय, कधीपासून. ते सांगायचे, "कधीपासून, असं विचारलं ना, की माणूस रडायचा थांबतो आणि आठवायला लागतो. मी डोळ्यांनी पाहिलंय."

निवृत्त झाले तरी खिडकी त्यांच्या अंगातून गेली नाही. बोलताना मान खाली घालून तिरकी करायचे, जणू समोरचा माणूस छोट्या भोकातून दिसतोय. पेन शर्टाच्या काजाला दोऱ्याने बांधलेलं, कारण सरकारी खिडकीवर पेन टिकत नाही. चहा पिऊन झाला की पाहुण्याला उठवायला "पुढे!" म्हणायचे. एकदा वैशूला बघायला आलेल्या मंडळींनाही म्हणाले. ते स्थळ तिथेच आटोपलं, आणि वैशू त्यानंतर आठवडाभर हसत होती.

वैशू त्यांची एकुलती एक मुलगी. काकी गेल्या तेव्हा ती कॉलेजात होती. तेव्हापासून घरात दोघंच.

काकांचे कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरची पानं. एका पानाचे चार तुकडे करायचे आणि कोरी बाजू वापरायची. लिहून झालं की ते कागदांचे तीन गठ्ठे करत आणि दाराआडच्या दोरीवर कपड्यांचे तीन चिमटे होते, त्यांना लावत. पहिला चिमटा 'आज'. दुसरा 'वार बघून', म्हणजे ज्याची वेळ अजून आलेली नाही ते. हाडांची ओपीडी मंगळवारी असेल तर सोमवारी रांगेत उभं राहून पाय दुखवायचे कशाला, हा त्यांचा सवाल. तिसरा 'रेफर', म्हणजे जे आपल्या हातात नाही ते. माझ्या त्या दिवशीच्या चार कागदांपैकी 'आज'च्या चिमट्यात एकच गेला, दुधाचा. सासूबाई 'रेफर'मध्ये गेल्या. बारावी आणि कंपनी 'वार बघून'. मी डोळे पुसले आणि दूध आणायला गेले. काही सुटलं नव्हतं, पण मला चालता येत होतं.

वरच्या मजल्यावरच्या गोदाकाकींना लिहिता येत नसे. त्यांचा मुलगा आखातात होता आणि दोन महिने त्याचा फोन नव्हता. त्या काकांच्या उंबऱ्यात येऊन बसल्या. "लिव रे बाबा. माजो झील फोन करणा नाय. माका जेवाण जायना."

"ह्या दोन तक्रारी झाल्या, काकी."

"दोन नाय, एकच ती."

"दोनच. फोन रेफर करू. जेवण आजचं."

काकांनी दोन कागद लिहिले, मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर पेजेची वाटी ठेवली. पेज संपेपर्यंत पुढची तक्रार घेतली नाही. आठवड्याने फोन आला तेव्हा गोदाकाकी पुन्हा हजर. "तो कागद फाडून टाक आता."

काका एवढे मऊ, पण यावर जवळजवळ रागावले. "फाडायचा नसतो. कागद फाडला तर उद्या दुखणं कुठून आलं ते कळणार कसं?" त्यांनी कागदावर 'डिस्चार्ज' असं लिहिलं, तारीख घातली आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला. त्या ट्रंकेत अख्ख्या चाळीची दुखणी होती. "कागद मरत नाही," ते म्हणायचे. रेकॉर्ड रूममध्ये वीस-वीस वर्षांपूर्वीचे केसपेपर त्यांनी शोधून दिले होते. माणूस गेलेला असायचा, कागद असायचा. हे ते अभिमानाने सांगत. त्याच गोष्टीची त्यांना भीतीही होती, हे मला फार उशिरा कळलं.

वैशू लोअर परळला एका उंच इमारतीतल्या ऑफिसात होती. नीटस, कमी बोलणारी, घरातून निघताना मला "काकी, येते" म्हणणारी. एक दिवस ती नाक्यापर्यंत जाऊन परत आली. गॅस बंद केलाय का, बघायला. मग रोज परत यायला लागली. मग दोनदा, तीनदा. मग एकदा ऑफिसातून अर्ध्या दिवसात टॅक्सीने आली, घामाने भिजलेली, आणि शेगडीची बटणं हातांनी चाचपून तिथेच खाली बसली.

काकांनी अर्थातच कागद काढला. तक्रार, गॅस चालू राहिला असेल अशी भीती. कधीपासून, पंधरा दिवस. वैशूला त्याने बरं वाटलं, आणि काकांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. त्यांनी तिला कॅलेंडरचे तुकडे करून एक गठ्ठाच दिला. "भीती वाटली की लिहायचं. लिहून मोकळं व्हायचं."

वैशू लिहायला लागली. पण ती मोकळी होईना. आम्ही एक कागद लिहिला की उठून कामाला लागायचो. ती एक लिहिला की दुसरा लिहायची. गॅस बंद केला का. गॅस बंद केला हे नीट लिहिलं का. प्रत्येक कागदावर 'कधीपासून'पुढे एकच शब्द, आत्तापासून. ऑफिस सुटलं. कागद उशीखाली गेले, तांदळाच्या डब्यात गेले, देवाच्या फोटोमागे गेले. काका सुरुवातीला म्हणत होते, "बाहेर पडतंय ना, पडू दे." जुनी कॅलेंडरं संपली तेव्हा ते दुकानातून कोऱ्या कागदाचं रीम घेऊन आले. ते रीम काखेत धरून जिना चढताना मी त्यांना पाहिलं. मी काही बोलले नाही. ते माझंही पाप आहे.

दिवाळीनंतर मात्र मी त्यांना गॅलरीत गाठलं. "काका, वैशूला डॉक्टरकडे न्या. तुम्हाला कोणती ओपीडी ते मी सांगायला नको."

"मंगळवार आणि शुक्रवार," ते पटकन म्हणाले.

"मग?"

"सुनंदा, त्या खिडकीवर माझीच माणसं बसतात. कदमला मी शिकवलंय. शिंदेबाईंना मी पेन धरायला शिकवलंय म्हण. त्यांच्या हाताने माझ्या मुलीचं नाव त्या रजिस्टरात चढणार?"

"चढू दे की! आजार आहे तो. तुम्हीच हजारो लोकांना पाठवलंत ना तिथे?"

"ते लोक आपापल्या गावी गेले. आम्हाला इथेच राहायचंय. उद्या हिचं लग्न ठरेल, कोणी चौकशी करेल. कागद मरत नाही."

मी तेव्हा जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. "तुमच्या अब्रूवर घाला पाणी" हे त्यातलं सगळ्यात सौम्य होतं. ते मान तिरकी करून ऐकत राहिले. डोळे भरले होते, पण जागचे हलले नाहीत. तेहतीस वर्षं दुसऱ्यांना "कधीपासून?" विचारणारा माणूस स्वतःच्या घरात महिने मोजत नव्हता. रागाने मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आता वाटतं, न बोलण्यापेक्षा सरळ वैशूचा हात धरून निघायला हवं होतं.

त्या पंधरा दिवसांत त्यांनी जे केलं ते केसपेपरच्या कारकुनालाच सुचू शकतं. ते वैशूला घेऊन लांबच्या, उपनगरातल्या एका सरकारी दवाखान्यात गेले, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. ओपीडी बरोबर निवडली. आणि खिडकीवर वाकून सांगितलं, नाव स्वाती मोरे, वय चोवीस. तिथे नाव तोंडीच विचारतात, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. बाकावर दोन तास बसल्यावर आतून हाक आली, "स्वाती मोरे!" वैशू उठली नाही. का उठेल? काका तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "चल, आपला नंबर." ती म्हणाली, "आपला कुठे? ती स्वाती मोरे आहे." ते म्हणाले, "आजपुरती तूच." आणि दंडाला धरून तिला आत नेलं. डॉक्टर भले होते. "स्वाती, घाबरू नकोस, स्वाती," असं म्हणत त्यांनी तिला बोलतं करायचा प्रयत्न केला. ती टेबलावरच्या त्या कागदाकडे बघत राहिली.

आयुष्यभर तिच्या बापाने तिला एकच शिकवलं होतं, की कागदावर असतं ते खरं. आणि आता कागदावर दुसरीच मुलगी होती.

घरी आल्यावर गॅसचे कागद थांबले. वैशू आता स्वाती मोरेबद्दल लिहायला लागली. ती कोण, कुठून आली, कुठे झोपते. गोळ्यांच्या पाकिटावर स्वातीचं नाव, म्हणून ती गोळ्या घेईना. दुसऱ्याचं औषध घेऊ नये, हेही बापानेच शिकवलेलं. ताटात वाढलं की विचारायची, "हे तिचं की माझं?" काका पाया पडायचे तिच्या. अक्षरशः. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "वैशू, तू वैशूच आहेस गं माझे आई. जेव गं." आणि ती शांतपणे म्हणायची, "मग कागदावर तसं का नाही?" तीन महिने असे गेले. मुलीच्या हाताची हाडं दिसायला लागली. काकांनी दाढी करणं सोडलं होतं. चाळीतलं कोणी काळजी घेऊन आलं की दार अर्धं उघडून "आज बंद आहे" म्हणायचे, आणि दार लावायचे.

एका शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला ते आमच्या दारात उभे राहिले. हातात दह्याची पिशवी. "वैशू नाही."

आम्ही बसस्टॉप पाहिले, मार्केट पाहिलं, लालबागच्या पुलाखाली पाहिलं. मसाल्याच्या दुकानांपुढे ते प्रत्येक लांब वेणीच्या मागे धावत होते आणि माफी मागत होते. पोलीस चौकीच्या पायरीवर मी म्हटलं, "काका, आत फोटो दाखवावा लागेल, नाव सांगावं लागेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःची लाज वाटली. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. खिडकीवरचा कदम होता. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला.

"साहेब, तुम्ही कुठे आहात? इकडे एक मुलगी रांगेत येऊन उभी राहिलीय. नाव विचारलं तर कागद पुढे करते. साहेब, कागद तुमच्या पद्धतीचा आहे."

परळला पोचेपर्यंत टॅक्सीत ते काजाला बांधलेलं पेन मुठीत धरून बसले होते.

वैशू खिडकीच्या बाजूला उभी होती, केस नीट विंचरलेले, पायात चपला वेगवेगळ्या. कदमने तो कागद काकांच्या हातात दिला. मीही वाचला. नाव, स्वाती मोरे. वय, २४. तक्रार, माझ्या घरात राहते. कधीपासून, बाबांनी आणल्यापासून.

"हिला बरं करा," वैशू कदमला समजावत होती. आवाजात भांडण नव्हतं, काकुळत होती. "म्हणजे ती तिच्या घरी जाईल. मग मला माझ्या घरी जेवता येईल. बाबा बिचारे दोघींचं करतात."

कदम हळूच म्हणाला, "साहेब, मागच्या दाराने आत या. मी करतो सगळं. कोणाला कळायचं नाही."

काकांनी मान हलवली. वैशूचा हात धरला आणि जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले. चाळीस-पन्नास माणसं असतील पुढे. तेहतीस वर्षांत त्या खिडकीच्या या बाजूला ते पहिल्यांदाच उभे होते. नंबर आल्यावर ते वाकले.

कदमला पेन उचलवेना. शेवटी त्याने विचारलं, "नाव?"

"वैशाली चंद्रकांत परब," काका एवढ्या मोठ्याने बोलले की मागची रांग वळून बघायला लागली. "माझी मुलगी आहे."

"वय?"

"सत्तावीस."

"तक्रार?"

त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. कदमने तो रकाना सोडला आणि खालचं विचारलं. "कधीपासून, साहेब?"

"दीड वर्ष झालं रे," काका म्हणाले, आणि खिडकीच्या फरशीवर कपाळ टेकून हमसून हमसून रडायला लागले. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, सरका ना पुढे!" आणि कोणीतरी त्याला गप्प केलं.

वैशूला दाखल करून घेतलं. दीड महिना ती तिथे होती. घरी आली तेव्हा चेहरा सुजलेला, पावलं जड, दिवसभर झोप. पण गोळ्यांवर तिचं नाव होतं आणि ती त्या घेत होती. डॉक्टर म्हणाले, लवकर आणली असती तर बरं झालं असतं. हे वाक्य काका भेटेल त्याला सांगायचे, कोणी न विचारता. दोरीवरचे चिमटे त्यांनी काढून टाकले. गोदाकाकी एकदा उंबऱ्यात येऊन बसल्या, तर हात जोडून म्हणाले, "काकी, मला नका सांगू. मला काही कळत नाही." त्या बिचाऱ्या पदर सावरत उठल्या. चाळीला त्यांचा राग आला, कीव आली आणि मग सवय झाली. मी मात्र अजूनही लिहिते, एका कागदावर एकच तक्रार. मला त्याने उतार पडतो. खोटं कशाला बोलू?

पुढे आमच्या मुलाने बदलापूरला जागा घेतली आणि आमची चाळ सुटली. निघायच्या सकाळी मी निरोप घ्यायला गेले. वैशूने दार उघडलं. बारीक झाली होती, पण "काकी, या" म्हणाली, जुन्यासारखं. काका आत चहा करत होते. आम्ही बसलो. बदलापूरला पाणी कसं आहे वगैरे तिने विचारलं. मग काका चहाचे कप घेऊन बाहेर आले आणि तिने, त्यांच्याकडे न बघता, मला विचारलं, "काकी, बाबांना माझी लाज वाटत होती का?"

मी वकिली करायला तोंड उघडलं. म्हणणार होते, वेडे, तुझ्यासाठीच केलं गं त्यांनी. पण काका मध्येच बोलले.

"हो," ते म्हणाले. "वाटत होती."

कप हातातच होते. बशीत चहा सांडत होता, बोटांवरून खाली येत होता, त्यांना कळत नव्हतं. ते तिच्याकडे सरळ बघत होते, मान तिरकी न करता. वैशूने वर पाहिलं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं.

मग ती उभी राहिली आणि त्यांच्या हातातले कप तिने घेतले. "बसा," ती म्हणाली. "हात भाजलाय तुमचा."